मशीन बंद ठेवा

बायको कामावर जाताना दारातून दोनदा बजावून गेली होती, "अहो, आज तरी तोंड सांभाळा. त्या बाईंच्या एका सहीवर आपली पोर आहे."

मी "बरं" म्हटलं. माझं 'बरं' कसलं असतं ते तिला पक्कं ठाऊक आहे. मी शिंपी. चुकलेली शिवण उसवता येते, तोंडातून गेलेलं उसवता येत नाही, हे गिऱ्हाइकं मला रोज शिकवतात आणि मी रोज विसरतो.

तपासनीस बाई अगदी वेळेवर आल्या. आमची पोर नऊ वर्षांची, अंगाने टाचणीसारखी, म्हणून टाचणी. ती बोलत नाही. तहान लागली की माझं मनगट धरून नळापर्यंत ओढत नेते. शाळेने दुसऱ्याच वर्षी हात टेकले, तेव्हा मी तिला घरी घेऊन बसलो. माझी खोली तेच दुकान आणि तोच तिचा वर्ग. आज बाईंना पटलं तर ती घरीच शिकणार होती. नाही पटलं तर दूरच्या निवासी शाळेत, जिथे आईबापांना महिन्यातून एकदा भेटू देतात.

"काय काय येतं हिला?" बाईंनी विचारलं.

"सगळी अक्षरं येतात," मी छाती फुगवून म्हणालो.

थाप नव्हती ती. कापडाच्या चौकोनांवर अक्षरं मीच शिवली होती. मी शिवता शिवता अक्षर सांगायचो, ती चौकोनांवरून हात फिरवत जायची आणि नेमकं तेच उचलायची. शेजारपाजारचे लोक मुद्दाम बघायला यायचे.

आताही टाचणी चौकोन पसरून जमिनीवर बसली. मी सवयीने मशीनवर बसलो.

"मशीन बंद ठेवा," बाई म्हणाल्या. "आवाजाने तिचं लक्ष उडेल. हं, 'क' दे बघू."

टाचणीचा हात चौकोनांवरून फिरला. फिरतच राहिला. 'ग' मागितला, तेच. 'ल', 'स', तेच. एक उचलेल तर शपथ! बाईंचं पेन कागदाला टेकलं आणि माझं डोकं फिरलं.

"अहो मॅडम, चौकशीला बसल्यासारखं काय विचारताय? घाबरली ना पोर! तिला मशीनच्या आवाजाची सवय आहे. मला शिवू द्या, मग बघा."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिवा."

कुणाची तरी पँट हातात घेतली आणि पायडल मारायला लागलो. 'क'. टाचणीचा हात फिरला, थांबला, उचललं. 'ग'. उचललं. बाईंच्या भुवया वर गेल्या. मी मनात म्हटलं, आता बोला!

"'त' दे," बाई म्हणाल्या.

मी टाचणीच्या हाताकडे बघत होतो. हात 'त'वर आला आणि मशीन थांबलं. मी थांबवलं नव्हतं. पाय आपला आपण थांबला होता. आणि तो थांबल्यावर, नंतर, तिची बोटं 'त'वर मिटली.

पुढचं अक्षर 'प' होतं. या वेळी मी दात आवळून पाय चालूच ठेवला. तिचा हात 'प'वरून सरळ पुढे गेला. 'न'वर आला तेव्हा मी मुद्दाम थांबलो. तिने 'न' उचललं आणि स्वतःशीच हसली. बरोबर आल्यावर हसते तशीच, अगदी तशीच.

"असू दे, एखादं चुकतंच," बाई म्हणाल्या. "अजून चार-पाच विचारते आणि सही करते. छान शिकवलंय हो तुम्ही."

चार-पाच वेळा पाय थांबवायचा, बस्स. कुणाच्या बापाला कळलं नसतं. बायको आनंदाने रडली असती, पोर आमच्याजवळ राहिली असती. माझा पाय तयारच होता. पण टाचणी मान तिरकी करून मशीनकडे कान लावून बसली होती, आणि माझ्या मनात आलं, मी मेल्यावर ही कुणाच्या पायाकडे कान लावणार?

"सही करू नका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तिला एकही अक्षर येत नाही. माझा पाय थांबला की ती उचलते. मलाही आत्ताच कळलं. तीन वर्षं मी मूर्खासारखा फुशारक्या मारत होतो."

बाईंनी पेन कागदावरून उचललं. गेली पोर हातची, असं मी धरूनच चाललो.

"उठा तिथून," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून खाली बसा. हलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही."

मी बसलो. मागून बाईंचा आवाज आला, "'म' दे." मग काहीच नाही. थोड्या वेळाने टाचणी माझ्याजवळ आली. शर्ट ओढला, पायावर मूठ मारली, पुन्हा मारली. मग भोकाड पसरलं. पाय हलवू नये म्हणून मी दोन्ही हातांनी तो दाबून धरला. कुठल्या बापाला असं बसावं लागू नये. रडता रडताच ती परत गेली. बाईंनी पुन्हा तेवढंच सांगितलं, "'म' दे."

कापड सरकल्याचा आवाज झाला.

"काय उचललं?" मला राहवलं नाही.

"'ब'."

"म्हणजे चुकलंच."

"चुकलंच," बाई म्हणाल्या. "पण मगाशी मशीन बंद असताना तिने काहीच उचललं नव्हतं." पेन कागदावर चाललं. "सहा महिने देते. घरीच. मी पुन्हा येईन तेव्हाही तुम्ही असेच बसायचं."

मी वळलो. टाचणीच्या मुठीत 'ब' होता, नाक वाहत होतं आणि ती माझ्याकडे रागाने बघत होती. मी तिला उचलून घेतलं आणि लहान पोरासारखा रडलो. तीन वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःच्या मनाने चुकली होती.