पिकअपचं ॲव्हरेज

“खरं सांगा भाऊ, गाडी दिवसाला किती चालती?” बॉनेटमधून डोकं बाहेर न काढताच सावळेराम मिस्त्रीने विचारलं.

“किती म्हंजे? निरगुडसर ते मंचर. मार्केटला माल टाकायचा अन् माघारी. तीस-बत्तीस पडत्यात,” हौशीराम म्हणाला आणि उगाचच टायरला लाथ मारून हवा बघू लागला.

मीटर बंद पडून पाच वर्षं झाली होती, त्यामुळे खोटं पकडायला साक्षीदार नव्हता. पिकअप हौशीरामने घेतली तीच जुनी, आणि आता तर तिचं म्हातारपण चारचौघांत उघडं पडलं होतं. इंजिन ठकठक करायचं, सायलेन्सर फुटलेला, मागे काळा धूर. आधी तिचा आवाज घरी पोचायचा आणि मग सावकाश गाडी यायची. त्याचा मुलगा स्वराज याने टाकी फुल्ल करून दोनदा मोजून पाहिलं होतं. लिटरला सात. “नाना, हा हत्ती कशाला पोसायचा? इकून टाकू. सीएनजीची घेऊ, मीच चालवीन. तुमी बसा आता निवांत,” असं त्याने जेवताना सांगितलं, आणि ‘निवांत’ हा शब्द ऐकून हौशीरामने हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने गाडी सावळेरामच्या दारात आणून उभी केली होती. ॲव्हरेज वाढलं नाही तर पिकअप जाणार आणि तिच्याबरोबर त्याचं रोजचं लोणीवरून येणंही जाणार.

कारण मंचरहून तो सरळ घरी येतच नसे. येताना गाडी लोणीकडे वळवायचा, चांगला पंधरा-सोळा किलोमीटरचा वळसा घालायचा आणि मग निरगुडसर गाठायचा. लोणीच्या अलीकडे कालव्याचा पूल आहे. पूल उतरला की रस्त्याला लागूनच एक पत्र्याचं घर आणि अंगण. त्या घरात त्याची मुलगी समृद्धी नांदत होती.

तीन वर्षांपूर्वी तिने धम्मपालशी स्वतःच्या मर्जीने लग्न केलं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मास्तरकीच्या परीक्षा देणारा, बौद्ध घरातला. खोट काढायची तर जातीचीच काढावी लागत होती, आणि हौशीरामने ती काढली. भावकीसमोर मांडी ठोकून सांगितलं, “त्या घरचं पाणी पिणार न्हाई, अन् तिचं नाव माझ्या घरात निघणार न्हाई.” भावकीने माना डोलावल्या आणि आपापल्या घरी जाऊन जेवली. पाळायचं काय ते हौशीराम आणि त्याची बायको ठकूबाई या दोघांवर पडलं. ठकूबाईने तोंडातून नाव काढलं नाही. हौशीरामने दोन महिने काढले, आणि एक दिवस मंचरला नेहमीचा रस्ता खणलाय असं स्वतःलाच सांगून त्याने गाडी लोणीकडे घातली. सुंभ जळला होता, पीळ तेवढा उरला होता.

तो कधी थांबला नाही. पूल उतरताना गाडी दुसऱ्या गिअरला घ्यायची, मान सरळ ठेवायची आणि आरशात बघायचं. समृद्धी अंगणात असायचीच. कधी कपडे वाळत घालताना, कधी सुपात काही पाखडताना. पुढे ती जड पावलांनी चालताना दिसली. मग तिच्या कडेवर मूल दिसलं. गेल्या दिवाळीनंतर ते मूल तिचा पदर धरून स्वतःच्या पायावर उभं राहिलेलं दिसलं. मुलगी होती. तिचं नाव काय, हे हौशीरामला माहीत नव्हतं आणि विचारायला जागा नव्हती. बाईमाणसाला अंगणात काम असतंच, योगायोग आहे, असं तो धरून चालला होता.

सावळेरामने गाडीची नाडी बरोबर पकडली. एअर फिल्टर असा बुजला होता की त्यातून गाडीला श्वास घेता येत नव्हता. मागचं डावं चाक ब्रेकमध्ये अडकून फिरत होतं. नोझल तर डिझेल फवारायचं सोडून धारच सोडत होते. ते त्याने नारायणगावला टेस्टिंगला पाठवले, म्हणून गाडी दोन दिवस गॅरेजलाच राहिली. त्या दोन दिवसांत ठकूबाईचा तीनदा फोन आला.

“गाडी कवा मिळायची?”

“उद्या. तुला काय घाई?”

“काय न्हाई. इचारलं आपलं.” आणि तरी ती फोन ठेवत नव्हती. पलीकडे नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. शेवटी हौशीरामनेच वैतागून फोन ठेवला.

गाडी मिळाली ती ओळखू येईना. ठकठक गेली, धूर गेला, सायलेन्सर नवा. पहिल्याच दिवशी तो माल टाकून खुशीत लोणीकडे वळला. पूल उतरला, आरशात पाहिलं. अंगण मोकळं होतं. दुसऱ्या दिवशीही मोकळं. दोरीवर कपडा नाही. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी पहिल्या गिअरला घेतली. चौथ्या दिवशी पुलाच्या कठड्याशी दहा मिनिटं उगाच टायर तपासत बसला. दार अर्धवट उघडं होतं, पण बाहेर कुणी आलं नाही.

आणि तिथेच, हातात टायरच्या व्हॉल्व्हची टोपी धरलेली असताना, त्याच्या डोक्यात उजेड पडला. ती आवाजाला बाहेर येत होती. पुलापलीकडून आपल्या गाडीची ठकठक ऐकायची आणि हातातलं टाकून अंगणात येऊन उभी राहायची, तीन वर्षं, रोज. योगायोग कसला! हौशीरामला आनंद झाला, पण तो आवाज त्याने स्वतःच्या हाताने बंद करून घेतला होता.

पाचव्या दिवशी माल टाकून तो तडक गॅरेजवर गेला.

“पोरगं म्हणतंय, अजून नऊच देती,” तो म्हणाला.

“नऊ? मी सोता नारायणगावला जाऊन मोजलंय. चौदाला एक थेंब कमी न्हाई,” सावळेराम उखडला. “तुमचा रस्ता तरी कोणता हाय? मी आपला इंजिनात रोग हुडकतोय. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी!”

हौशीराम खाली बघत हळूच म्हणाला, “सावळ्या, तो आवाज परत आणता यील का?”

“कसला आवाज?”

“पयला व्हता तो. ठकठक.”

सावळेरामने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं. तीस वर्षांच्या धंद्यात बिघाड परत मागणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदा बघितलं. पण माणसंही त्याने तीस वर्षं बघितली होती.

“कुणाला ऐकू जायला पायजे?” त्याने विचारलं.

हौशीरामची नजर लोणीच्या रस्त्याकडे गेली.

“लोणीला जाता व्हय?” सावळेराम म्हणाला. “मंग भाऊ, हॉर्न हाय की. कवा वाजवायचा?”

“हॉर्न वाजवला म्हंजे बोलावल्यावानी व्हतंय.”

“मंग बोलवा ना राव!”

हौशीराम गाडीत बसला. लोणीचा रस्ता येईपर्यंत त्याने मनाशी बरंच घोळवलं. काय बोलायचं? चुकलं म्हणायचं, की नुसतं कशी हायेस म्हणायचं? पूल उतरला. त्याने गाडी अंगणासमोर घेतली, थांबवली आणि हॉर्न वाजवला. मग न राहवून आणखी एकदा वाजवला.

दारातून लंकाबाई बाहेर आली. धम्मपालची आई. तिने गाडीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

“उशीर केला पावणं,” ती म्हणाली.

“समू...” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

“गेली की ती. धम्मपालला मास्तरकीची ऑर्डर आली, तिकडं देगलूरला. मंगळवारीच निघायची व्हती. तुमची गाडी आली न्हाई म्हणून थांबली. म्हणली, नानांची गाडी इथनं गेल्याबिगर मी जात न्हाई. बुधवारी बी पोरीला घिऊन वट्यावर बसून राह्यली, पार ऊन उतरंस्तोवर. तुमच्या मालकिणीला फोन बी लावला तिनं. पण धम्मपालला हजर व्हायचं व्हतं, मंग सांजच्याला गेली.”

मंगळवार आणि बुधवार. पिकअप सावळेरामच्या शेडमध्ये बॉनेट उघडं टाकून उभी होती आणि हौशीराम बाकड्यावर बसून चहा पीत होता. ठकूबाईला सगळं माहीत होतं. वळसाही माहीत होता. पण ते नाव घरात काढायचं नाही, हे त्यानेच बजावलं होतं, म्हणून ती बिचारी फोनवर गाडीबद्दल विचारत राहिली.

तो गाडीतून उतरला आणि ओट्याच्या कडेला टेकला. डोळ्यांतलं पाणी त्याने लपवलं नाही. लंकाबाईला काही विचारायचं होतं आणि ते विचारावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“पाणी... देऊ का?” शेवटी ती म्हणाली.

“द्या,” हौशीराम म्हणाला.

तिने आतून तांब्या-ग्लास आणला. त्याने ग्लास दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला.

“देगलूर लांब असंल?”

“लई लांब. सांजच्याला एसटीत बसलं की तिकडं उजाडतंय.”

रस्त्यावर पिकअप आवाज न करता चालूच होती. हौशीरामने उठून चावी फिरवली, बंद केली आणि परत येऊन बसला.

“पोरीचं नाव काय ठिवलंय?” त्याने विचारलं.

“स्वप्ना.”

ते नाव त्याने मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. मग ग्लास पुढे केला.

“अजून थोडं द्या,” तो म्हणाला.