हळद लागलेली मतं

"कोरा कागद माहेरी जाते का?" असं म्हणत कौशल्यानं पहिल्या मतपत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदीचं बोट टेकवलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, तेजरामनं, जेवता जेवता मान डोलावली. मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात आणि शुभाच्या पत्राला हळद लावतात, हे काय शिकवावं लागतं? आणि याहून शुभ काम कोणतं होतं?

तिचा धाकटा भाऊ केवलराम माहेरच्या गावी धान गिरणीच्या सोसायटीत अध्यक्षपदाला उभा होता. गिरणी इतकी वर्षं मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या मुठीत. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तसे निम्मे सभासद तिथल्या नोकरीसाठी भिलाईतल्या मरोद्याच्या क्वार्टरांत, कौशल्याच्याच शेजारी, येऊन राहिलेले. मत द्यायला ड्यूटी बुडवून गावी कोण जाणार? म्हणून केवलरामनं सभेत भांडून टपालानं मत घ्यायचं ठरवून घेतलं, आणि परतीच्या पाकिटावर तिकीट सोसायटीनंच लावायचं, हेही. आपली माणसं तो ओळखून होता. तिकिटासाठी पोस्टात जावं लागलं असतं, तर मतं फळीवरच धूळ खात पडली असती.

तिकीट लावून आलेली पाकिटं पाहून मरोदा हरखला. शिफ्ट सुटली की एकेक जण फुली मारून कौशल्याच्या दारात येई. "बाई, माह्याबी मताले लावजो," म्हणे. तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. सगळी पाकिटं टपालाच्या डब्यात टाकून ती देवळातून आल्यासारखी घरी आली.

भाऊबीजेला केवलराम आला. पाटावर बसला. तबक हातात घेऊन कौशल्यानं हसत विचारलं, "अध्यक्षसाहेब, पेढे कुठी हायेत?"

"हारलो, बाई. भिलाईचं एकबी मत मोजल्या गेलं नाही."

तिला ऐकू आलं, पण कळलं नाही.

"सगळ्यायले हळद होती," तो खाली बघत म्हणाला. "खूण असलेलं मत बाद, असा नियम हाय."

तेजराम उसळला. असला नियम मालगुजाराच्याच टाळक्यातून निघाला असणार, म्हणाला.

"नाही, भाऊजी. म्याच केला होता."

मग त्यानं हळूहळू सांगितलं. मालगुजार पूर्वी आपल्या कुळांना मतावर खूण करायला लावी आणि कोण फिरलं ते हुडकून काढी. ते मोडायला केवलरामनं नियम करवून घेतला. पाकिटं उघडली तेव्हा मालगुजाराचा माणूस नुसता हसला. केवलरामनंच ती पिवळी मतं एकेक करून बाजूला काढली. हळद कुणाच्या हातची, हे त्याला पहिल्याच पाकिटाला कळलं होतं.

भावानं तिकिटं लावून पाकिटं दारात पोचवली आणि तिनं, सख्ख्या बहिणीनं, आपल्या हातानं त्याच्या पायावर धोंडा पाडला. कुंकवात बुडवलेलं बोट उचलेना. हे बोट जिथं टेकेल तिथलं काहीतरी बाद होणार, असं तिला वाटून गेलं.

"आता मले नको सांगू लावाले," ती कशीबशी म्हणाली आणि बोट पदराला पुसू लागली.

केवलरामनं टोपी मागं सरकवली आणि कपाळ पुढं केलं.

"लाव, बाई," तो म्हणाला. "कोराच गावी जाऊ का?"

तिचं बोट पदरातच राहिलं. तबकातला दिवा मंद होत गेला, तरी तो तसाच, कपाळ पुढं करून बसून होता.