पहिलं वाण

श्रावण लागला की कनकवल्लीच्या हातांना उसंत नसे आणि तिच्या तोंडाला घरात जागा नसे. हरभरे भिजवायचे तिनं, तांदळाची पिठी करायची तिनं, पुरणाचे गोळे तळायचे तिनं, सोवळ्यात राहून सगळा नैवेद्य रांधायचा तिनं. आणि हळदीकुंकवाच्या बायका यायला लागल्या की स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायचं, तेही तिनंच. पंधरा वर्षं हे असं चाललं होतं. गोदावरीच्या कालव्याकाठच्या त्या ब्राह्मणआळीत कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. विधवेच्या हातचं देवाला चालत होतं, तिचा चेहरा तेवढा बायकांना चालत नव्हता.

तिची मोठी जाऊ भ्रमरांबा हिला तर ते मुळीच वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

भ्रमरांबा या घरात आधी आली. नवस झाले, डॉक्टर झाले, रामेश्वर झालं, पण कूस उजवली नाही. मग तीन वर्षांनी धाकट्या दिराची बायको म्हणून कनकवल्ली आली आणि वर्षाच्या आत तिला मुलगी झाली. त्या दिवसापासून भ्रमरांबेच्या पोटात जे दुखायला लागलं ते कधी थांबलंच नाही. मुलीवर तिचं प्रेम नव्हतं असं नाही. हिमबिंदूला न्हाऊमाखू घालायची ती, वेणीत अबोली माळायची ती, शाळेत पोचवायची ती. पण गुडघा फुटला की पोर 'अम्मा' म्हणून पळायची ती कनकवल्लीकडे, आणि पेद्दम्मा, म्हणजे मोठी आई, हातात हळदीची वाटी घेऊन तशीच उभी राहायची.

मग पुलावर मोटारसायकल घसरली आणि धाकटा दीर गेला. भ्रमरांबा धाय मोकलून रडली. ते रडणं खरं होतं. पण डोळे पुसता पुसता तिच्या मनात एक विचार येऊन गेला, की आता माझ्याकडे असं काहीतरी आहे जे हिच्याकडे नाही. त्या विचाराची तिला तेव्हा लाज वाटली. पुढे लाज गेली आणि विचार मुक्कामाला राहिला. सासूबाई हयात होत्या तोवर त्यासुद्धा एखादे वेळी म्हणायच्या, "अगं, राहू दे, बसू दे तिला बाहेर." भ्रमरांबा मात्र नियमाला पक्की. कुंकवाची डबी कोनाड्यातून उचलायची ती, जागेवर ठेवायची तीच.

या वैशाखात हिमबिंदूचं लग्न झालं. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणातली मंगळागौर माहेरी करायची आणि पहिलं वाण आपल्या आईच्या ओटीत घालायचं, ही तिकडची रीत आळीतल्या पोरीसोरींनाही तोंडपाठ. सोमवारी बिंदू सासूबाईंबरोबर काकिनाड्याहून आली. हातपाय धुऊन होतात न होतात तोच तिनं विचारलं, "पेद्दम्मा, पहिलं वाण कुणाला?"

भ्रमरांबा या प्रश्नाची दोन महिने वाट पाहत होती. "कुणाला म्हणजे? आईलाच. आता तुझ्या अम्माचं ते... तसं झालं. पण पेद्दम्मा म्हणजे तरी काय गं? आईच की!"

भ्रमरांबेनं कपाटातून नवी पोपटी साडी काढून तिला दाखवली, आंब्याच्या काठाची. "उद्या नेसणार आहे. कशी आहे?"

"छान आहे," बिंदू म्हणाली, पण तिचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं.

तिथं कनकवल्ली हरभरे निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "अक्का, तुम्हीच घ्या वाण. तुमच्याशिवाय तिचं कोण आहे?"

भ्रमरांबेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घ्या म्हणे! आपल्या ताटातलं उचलून द्यावं तसं! जे तुझं राहिलंच नाही ते तू मला कुठून देतेस? तिनं साडीची घडी मोडली, पुन्हा केली, ती नीट बसेना तेव्हा तशीच कपाटात कोंबली.

मंगळवारी सकाळी ओसरीवर पाट मांडले. हळदीची गौर बसली, कलश बसला, आंब्याचं तोरण लागलं. समोरच्या घराची खिडकी बंद झाली. त्या खिडकीमागे शेषरत्नमची सासू वेंकम्मा असायची. श्रावणातल्या मंगळवारी आपल्या कपाळाचा अपशकुन समोरच्या पूजेला नको म्हणून ऐंशी वर्षांची ती म्हातारी आपण होऊन कडी लावून घ्यायची. सून शेषरत्नम मात्र ठसठशीत कुंकू लावून सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

"काय गं भ्रमरांबा, साडी तर मुलीच्या आईसारखीच नेसलीस! बाळंतपण न करता लेक मिळाली हो तुला!"

बायका हसल्या. भ्रमरांबाही हसली. टोमणा कळत होता, पण आज त्याचाही राग येईना. आज जिंकली होती ती.

पूजा झाली. तांदळाच्या पिठीचे आणि गुळाचे पाच दिवे लागले. बिंदूनं तूप चोपडलेलं उलथनं त्यांच्यावर धरलं. कथा चालू असताना त्यावर काजळी धरत होती. तेच काजळ मग वाणाबरोबर सवाष्णींना द्यायचं. ते दिवे कनकवल्लीनं पहाटे वळले होते. एकाही दिव्याला चीर नव्हती, हे भ्रमरांबेनं पाहिलं आणि तिला ते सुद्धा सललं.

मग वाणाची वेळ आली. पाच ताटं होती, भिजवलेले हरभरे, विड्याची पानं, केळी, बांगड्या, खण. भ्रमरांबा पाटावर बसली. बिंदूनं तिच्या पायांना हळद लावली, मनगटाला पिवळा दोरा बांधला, ताटावर पदर घेतला. भ्रमरांबेनंही पदर पुढे केला.

हे वाण नुसतं हातात ठेवून होत नाही. देणारीनं तीनदा म्हणायचं, 'दिलं गं बाई वाण.' घेणारीनं तीनदा म्हणायचं, 'घेतलं गं बाई वाण.' मग देणारीनं विचारायचं, 'माझ्या हातचं वाण घेतलं कुणी?' आणि घेणारीनं सांगायचं, 'मीच गं, मंगळगौर.' ते शब्द उच्चारल्याशिवाय वाण पोचत नाही.

बिंदू पाच वर्षांची असताना अंगणात मातीचे दिवे करून हाच खेळ खेळायची. एकदा भ्रमरांबा हौसेनं तिच्यासमोर बसली आणि म्हणाली, 'मीच गं, मंगळगौर.' पोरीनं पाय आपटले. 'तू नाही! अम्मानं म्हणायचं!' अठरा वर्षं झाली, ते 'तू नाही' अजून भ्रमरांबेच्या कानात होतं. आज तीच पोर त्याच प्रश्नाला आपल्याकडून उत्तर घेणार होती.

बिंदूनं ताट उचललं. ती भ्रमरांबेकडे पाहत राहिली, मग हळूच म्हणाली, "पेद्दम्मा, रागावू नकोस. हे तुझं नाही."

आणि ताट घेऊन ती उठली. ओसरी ओलांडून थेट स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि कोपरानं दार ढकललं. आत कनकवल्ली चुलीपाशी उभी होती. पोरीला तशी दारात पाहून ती भिंतीला टेकली.

"दिलं गं बाई वाण," बिंदू म्हणाली.

ओसरीवर एकच गलका झाला. "अगं सूनबाई!" बिंदूच्या सासूबाई राज्यलक्ष्मी अर्ध्या उठल्या. "माझा मुलगा आहे गं तो! त्याच्या आयुष्यासाठी करतोय ना आपण हे?"

बिंदू सासूबाईंकडे वळली. "अत्तय्या, त्याच्या आयुष्याची काळजी मला नाही होय? माझ्या अम्मानं नान्नांसाठी पाच वर्षं हीच पूजा केली. पहिलं वाण तिनं तिच्या सवाष्ण आईलाच दिलं होतं. सगळं रीतीप्रमाणे झालं होतं. तरी नान्ना पुलावर गेलेच ना? मग त्यात हिचं काय चुकलं ते मला कुणीतरी सांगा."

बिंदू पुन्हा आईकडे वळली. "दिलं गं बाई वाण. दिलं गं बाई वाण. अम्मा, म्हण ना."

भ्रमरांबा ताडकन उठली. संतापानं तिला समोरचं धड दिसत नव्हतं. सगळ्या आळीसमोर डावललं मला! नवी साडी नेसून बसले आणि पाटावर एकटी राहिले! नवरा गेला, कुंकू गेलं, पंधरा वर्षं दाराआड राहिली, तरी ही बाई माझ्यापुढेच! ताट हिसकावून घ्यायचं आणि कनकवल्लीला गप्प करायचं, एवढंच डोक्यात घेऊन ती तरातरा दारापर्यंत गेली. तिचा उजवा हात वर झालाही होता.

आत कनकवल्लीनं आपलाच तळवा आपल्या तोंडावर घट्ट दाबून धरला होता. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि हात काही सुटत नव्हता.

भ्रमरांबेला ती पकड ओळखीची वाटली. मग आठवलं. दीर गेला त्याच वर्षीचा श्रावण होता. आठ वर्षांची बिंदू अंगणात मातीचे दिवे मांडून विचारत होती, 'माझ्या हातचं वाण घेतलं कुणी?' आणि विहिरीपाशी कपडे धुणारी कनकवल्ली हसून सांगायला लागली होती, 'मीच गं...' भ्रमरांबा धावत गेली होती आणि तिनं जावेच्या तोंडावर हात दाबला होता. 'बोलू नकोस! पोरीचं नशीब जाळायचंय का तुला?' नशिबाची काळजी हे निमित्त होतं. तिला फक्त ते उत्तर बंद करायचं होतं.

पंधरा वर्षांत तिला पुन्हा तो हात उचलावा लागला नव्हता. कनकवल्लीनं ते काम स्वतःच अंगावर घेतलं होतं.

"अक्का," बोटांच्या आडून कनकवल्ली पुटपुटली, "सांगा ना हिला. तुम्हीच घ्या."

भ्रमरांबेनं वर केलेला हात खाली आणला आणि जावेचं मनगट धरलं. ते सहज सुटेना. तिनं जोर लावला आणि एक एक बोट सोडवलं.

"बोल," ती म्हणाली. "मी गप्प केलं होतं तुला. मीच सांगतेय, बोल. पोर ताट धरून उभी आहे, हात दुखतील तिचे."

कनकवल्लीचा आवाज घोगरा, चुकत चुकत आला. "घेतलं गं बाई वाण. घेतलं... घेतलं गं बाई वाण."

"माझ्या हातचं वाण घेतलं कुणी?"

"मीच गं," कनकवल्ली म्हणाली, "मंगळगौर."

तेव्हा बिंदूचा चेहरा असा काही उजळला की भ्रमरांबेच्या पोटात पुन्हा दुखलं. कुणी म्हणेल, बाई सुधारली, हेवा पळाला. नाही हो. एवढ्या वर्षांचा हेवा असा क्षणात जात नाही. आपल्याकडे पाहून हा चेहरा कधी असा उजळला नाही, हे तिनं त्या क्षणीही पाहिलं. फक्त त्या हेव्याला कुंकवाच्या डबीतून खायला घालायचं तिनं थांबवलं, आणि तेवढं कुणालाही करता येतं.

शेषरत्नम चपला शोधत होती. "असल्या घरात मला वाण नको बाई! ही काय पूजा झाली?" ती तरातरा निघून गेली. बाकीच्या दोघी राज्यलक्ष्मींच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. राज्यलक्ष्मींनी पुढे सरून दिव्यांत उरलेलं तूप पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "सूनबाई, दिवे विझायला आले. पुढची वाणं उरक."

दुसरं ताट बिंदूनं पेद्दम्मासमोर आणलं. दुसरं. या घरात पहिली येऊन जन्मभर दुसरी राहिलेल्या बाईनं पोपटी पदर पसरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर दिलं. बिंदूनं बोटावर काजळ घेऊन तिच्या डोळ्यांत घातलं. डोळे ओले होते, ते सगळं गालावर ओघळलं.

तिसरं ताट राज्यलक्ष्मींना गेलं, मग बाकीच्या दोघींपैकी एकीला चौथं. दुसरीनं, वरच्या आळीतल्या सुनेनं, आपलं ताट नको म्हटलं आणि कनकवल्लीकडे न बघता निघून गेली. पाचवं ताट तसंच झाकलेलं राहिलं.

"हे आता कुणाला?" बिंदूनं विचारलं.

भ्रमरांबेनं दारातून समोर पाहिलं. "चल," ती म्हणाली. "उचल ते."

रस्ता ओलांडून दोघी समोरच्या बंद खिडकीशी गेल्या. भ्रमरांबेनं फळीवर बोटं वाजवली.

"कोण आहे?"

"मी भ्रमरांबा, वेंकम्मागारू. खिडकी उघडा. बिंदू वाण घेऊन आलीय."

"वेड लागलंय का गं पोरींनो?" आतून म्हातारीचा आवाज कापत आला. "आज मंगळवार आहे!"

"म्हणूनच आलोय."

घराच्या दारातून शेषरत्नम ओरडत होती, आळीतली दोनचार दारं उघडली होती. बिंदूनं पदर ताटावर घेतला आणि बंद फळीकडे तोंड करून म्हणाली, "दिलं गं बाई वाण."

बिंदू पुन्हा म्हणाली. तिचे हात आता खरंच भरून आले होते, ताट कलायला लागलं. भ्रमरांबेनं ताटाला खालून हात लावला. बिंदूनं तो बाजूला केला नाही, आणि दोघी कडी निघायची वाट बघत उभ्या राहिल्या.