ट्रंकेच्या तळाचा फोटो

ज्ञानेश्वरच्या तोंडाला कुलूप आणि त्याची किल्ली सासऱ्याच्या खिशात, असं त्याच्या आईचं, प्रमिलाबाईंचं, ठाम मत होतं. घरात बायकोवर डाफरेल, आईला उलट बोलेल. सासरे रुपचंद समोर आले की हा मुका. आजही तेच. धुळ्याच्या कामगार कोर्टाच्या व्हरांड्यात तो भिंतीला हात टेकून उभा होता. शिरपूरहून एसटीनं येतानाच कंबर धरली होती, आता बाकावर बसवत नव्हतं. आणि कामिनी वकीलबाई विचारत होत्या ते एवढंच, की कापसाच्या जिनिंग मिलमध्ये मार लागला त्याच्या आधी पाठ कधी दुखली होती का.

"नाही," ज्ञानेश्वर म्हणाला आणि त्यानं सासऱ्याकडे पाहिलं.

"नीट आठवा. मिलचा मुकादम झुलाल साक्षीला आलाय. तो सांगणार, हा माणूस आधीच अधू होता, आमचा काय संबंध. तुमचं 'नाही' तिथे खोटं पडलं, तर पुढचं खरंही कोणी मानणार नाही."

"आणि हो म्हटलं तर केसच गेली ना?"

"कोण म्हणालं? जुनं दुखणं होतं म्हणून हक्क जात नाही. कामावरच्या अपघातानं ते वाढलं, हे दाखवावं लागतं. जुना एक्स-रे असेल तर डॉक्टर नव्याशेजारी धरून फरक सांगतील."

"जुना नाहीच काही."

प्रमिलाबाईंनी मांडीवरची पिशवी आवळली. आयुष्यात आईचं एकच ऐकलं पोरानं, तेही नको तिथे.

नऊ वर्षांपूर्वी तो कापसाच्या ट्रॉलीवरून पडला, चार महिने पाटासारखा पडून होता. पुढच्याच वर्षी साक्रीकडून रुपचंद मुलीसाठी स्थळ बघायला आले. पोराला काही दुखणंबिखणं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा प्रमिलाबाईच म्हणाल्या होत्या, "दगड पचवतो." दोन एकराचं रान, त्यात मोडकी पाठ, कोण देतं मुलगी? पाठीचा एक्स-रे फोटो ट्रंकेच्या तळाशी, लुगड्यांखाली गेला. सासरी कधी तोंड उघडू नको, ही ताकीदही त्यांचीच.

झुलालला मात्र कामावर लागतानाच त्यानं सांगितलं होतं, भाऊ, पाठ नाजूक आहे, कापसाच्या गाठी ओढायला लावू नका. म्हणून तो काट्यावर बसून वजनाच्या चिठ्ठ्या लिहायचा. चार वर्षांत दुखण्यापायी एक सुट्टी नाही. मग ऐन हंगामात दोन माणसं कमी पडली आणि झुलालनंच हाक मारली, ये, एवढी एक गाठ लोटू लाग. पावणेदोनशे किलोची ती गाठ कलंडली, ज्ञानेश्वर सावरायला गेला आणि पाठ कायमची गेली. आता डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, आणि हा पठ्ठ्या 'नाही' म्हणतो.

त्यांनी पिशवीतून पिवळं पडलेलं पाकीट काढलं आणि वकीलबाईंच्या हातात दिलं. "हा घ्या. पहिल्या वेळचा. तारीख आहे त्यावर. पाठ नाजूक हे यानं झुलालला कामावर लागतानाच सांगितलंय, आणि त्यानंतर चार वर्षांत एक सुट्टी नाही."

"माय," ज्ञानेश्वर पुटपुटला.

"काय माय? बठ्ठं, सगळं मीच सांगू?"

रुपचंदनी चष्मा पुसला, पाकिटावरची तारीख वाचली. बोटांवर काहीतरी मोजलं.

"म्हणजे लग्नाआधीचं. बैल घेताना दात बघतात, विहीणबाई. आम्ही तेवढंही केलं नाही."

"लपवलं मी. बोल लावायचा तर मला लावा, घरी बसून लावा, मी चहा करून देईन. पण आठ वर्षं या बैलानं तुमच्या लेकीला उपाशी ठेवलं असेल तर आत्ता सांगा."

रुपचंद खिडकीकडे वळले. पाकिटातला फोटो उजेडाकडे धरून कामिनीबाई म्हणाल्या, "बरं झालं, आजी. चार वर्षं बिनसुट्टीचं काम, आणि पाठ नाजूक हे मुकादमाला माहीत. झुलालला ते सांगू दे, आपल्याच कामाचं आहे. फक्त यांनी आधी स्वतः सांगायला हवं."

आतून शिपायानं नाव पुकारलं. ज्ञानेश्वर हलला नाही. पुन्हा सासऱ्याकडेच बघत राहिला, जणू परवानगी तिथून यायची होती. रुपचंद खिडकीबाहेर बघत होते.

प्रमिलाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि दोघांच्या मधोमध उभ्या राहिल्या. आता त्याला दिसायला आईच उरली.

"तिकडे काय बघतो? ते खोटं माझं होतं, त्याचं काम झालं, आज मी ते मोडलं. तुझं खरं झुलालच्या तोंडून बाहेर पडलं तर लाज तुझी. दुखणं लपवून बायको मिळते, ज्ञानेश्वर, भरपाई मिळत नाही. चल आत."