आक्काचं माप

वळ नावाच्या गावातल्या जमिनी गोदामांना गेल्या तेव्हा लोकांना पैसा कुठे ठेवावा हे कळेना. कुणी गाड्या घेतल्या, कुणी हळदीला डीजेच्या भिंती उभ्या केल्या, कुणी गळ्यात इतकं सोनं घातलं की मान दुखायला लागली. बाळारामनेही गाडी घेतली, डीजेही लावला. तो काही वेगळ्या मातीचा नव्हता. पण या सगळ्याच्या आधी त्याला एक काळजी लागली होती, आणि ती तांदळाची होती.

झालं असं की जमीन विकायची तर थोरल्या बहिणीची सही लागणार होती. बापाची जमीन, भावंडं दोनच, म्हणजे कायद्याने अर्धा वाटा गोदूआक्काचा. ती अंजूरला दिलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, उन्हाळ्यात मसाला कुटून विकायची आणि मुलाचा संसार रेटायला हात लावायची. हक्कसोडीचं बोलायला बाळाराम तिच्या ओटीवर बसला तेव्हा त्याच्या तोंडाला कोरड पडली होती. एरवी हा माणूस पंचायतीत माइकशिवाय ऐकू जायचा.

आक्काने त्याला पुढचं बोलूच दिलं नाही. "सही देते रं बाला. मना पैसा नको. पन बापाच्या वेलेपासून माहेरची दोन पोती येतात, ती बंद व्हायला नकोत. मी जिती हाय तवर."

एवढंच. कोट्यवधीच्या जमिनीवर तिने सही केली आणि बदल्यात दर वर्षी दोन पोती तांदूळ मागून घेतला. बाळाराम घरी आला आणि त्या रात्री जेवला नाही.

ही दोन पोती म्हणजे नुसता तांदूळ नव्हता. नवं भात निघालं की पोती अंजूरला जायची. आक्काच्या पत्र्याच्या पिंपात ती रिकामी व्हायची, पिंप गळ्यापर्यंत भरायचं. मग माघी गणपतीला आळीतल्या बाया यायच्या, आक्का प्रत्येकीच्या पदरात एकेक पसा तांदूळ घालायची आणि दाणा बघून त्या तिच्या माहेराला नावाजायच्या. आता शेतच गेल्यावर तांदूळ यायचा कुठून? विकत. आणि विकतच्या वस्तूचा भाव काही आपल्या बापाचा नोकर नसतो.

ही काळजी घेऊन बाळाराम शहरात, निजामपुऱ्यात तात्यांकडे गेला. तात्या बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, गावातल्या अर्ध्या लोकांची खाती त्यांच्याच हातून उघडलेली. जमिनीचा पैसा आल्यापासून ते बाळारामला मुद्दाम शेठ म्हणायचे.

"या बाळारामशेठ. काय, आणखी एक गाडी?"

"तात्या, चेष्टा नको. दोन पोत्यांना आज चार हजार पडतात. पंचवीस सालांचे एक लाख झाले. ते मी बाजूला काढतो. आता मी हाय तवर घरातून देईन, पन मी दहा सालांनी असेन, नसेन. तवा त्या लाखात पंचवीस सालांचाच तांदूल आला पायजे. पंधराचा न्हाय. असं पैशाला बांधून ठेवायचं काय असतं का?"

तात्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आहे," ते म्हणाले. "सरकारने यंदाच काढलेत. महागाईशी बांधलेले बचत रोखे. साध्या माणसासाठी आहेत, बँकेतच मिळतात. दहा वर्षांची मुदत. महागाई किती वाढली हे सरकार मोजतंच असतं, खाणं-पिणं, कपडा, भाडं सगळं धरून. तो दर, आणि वर दीड टक्का, असं व्याज दर सहा महिन्यांनी तुमच्या मुद्दलात मिसळत जायचं. हातात काही येणार नाही. दहा वर्षांनी सगळं एकदम."

"आनि भाव उतरले तर?"

"तरी दीड टक्का कुठे जात नाही. व्याजावर कर मात्र भरावा लागेल, तो चुकत नाही. आणि आणखी एक आत्ताच सांगून ठेवतो. ठेवीवर आज बँक नऊ टक्के देतेय. उद्या महागाई थंडावली तर ठेव ठेवणारा तुमच्यापुढे जाईल. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

"मना कोनाच्या पुढं जायचं न्हाय तात्या. मना दोन पोत्यांच्या मागं पडायचं न्हाय."

त्यानंतर तात्यांनी त्याला कधी शेठ म्हटलं नाही. रोखे बाळारामच्या नावावर झाले, वारस म्हणून आक्काचं नाव लागलं.

गावाने हसायचं ते हसून घेतलं. दहा वर्षं एक छदाम हातात न देणारा कागद, तोही लाखाचा! थोरला मुलगा हितेश तर सरळ म्हणाला, "बाबा, आत्याला एक अंगठी करून दिली असती तर बरं नसतं का?" पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत त्याच्या डंपरचे हप्ते थकले तेव्हा त्याची नजर त्याच कागदावर गेली. रोखे मुदतीआधी मोडता येतात का, हे विचारायला बाळारामने तात्यांना फोन लावला. येतात, तात्या म्हणाले, तीन वर्षं होऊन गेली आहेत, शेवटच्या व्याजातलं अर्धं कापून घेतील. मग बाळारामने आक्काला फोन केला. "मोड की," ती म्हणाली. "पोराचं आधी भागव." इतक्या सहज म्हणाली की बाळारामला मोडवेना. त्याने गाडी विकली.

या वर्षांत तांदूळ दर वर्षी अंजूरला जात होता. सुरुवातीला बाळाराम स्वतः टेम्पोत बसून न्यायचा. मग गुडघ्यांनी दगा दिला. तेव्हापासून मार्गशीर्ष लागला की तो हितेशच्या हातावर चार हजार ठेवायचा आणि म्हणायचा, "आत्याचा तांदूल टाकून ये." माघी गणपतीला अंजूरला गेला की पहिली नजर पिंपाकडे टाकायचा. पिंप गळ्यापर्यंत भरलेलं असायचं. तो मनातल्या मनात बापाला सांगायचा, तुझं चालू ठेवलंय.

दोन हजार तेवीस सरता सरता रोख्यांची मुदत भरली. एक लाखाचे एक लाख ऐंशी हजारांच्या वर झाले. हितेशने लगेच मोबाइलवर हिशेब मांडला. "बाबा, तवा ठेव केली असती तर दोनाच्याबी वर गेले असते."

"तात्यांनी तवाच सांगितलं होतं," बाळाराम म्हणाला. "टेम्पो बोलाव. आज मी येतो दुकानात."

निजामपुऱ्यातल्या तांदळाच्या दुकानात त्याने आपल्या शेतातल्यासारखाच दाणा निवडला, दाताखाली धरून पाहिला आणि भाव विचारला. दोन पोत्यांचे साडेसहा हजारांना थोडे कमी. दुकानदाराच्या गणकयंत्रावर त्याने बोटाने आकडे दाबले. पंचवीस वर्षांचा तांदूळ निघाला, वर आणखी तीनेक वर्षांचा! बाळारामचा चेहरा असा फुलला की दुकानदाराने न मागता चहा मागवला. त्याला त्या कागदाचे, तात्यांचे, त्या न पाहिलेल्या सरकारी मोजणाऱ्यांचे पाय धरावेसे वाटले. दहा वर्षांत सगळं महाग झालं होतं, चहा, रिक्षा, डिझेल. प्रत्येक वेळी त्याने शिव्या घातल्या होत्या. आणि त्याचा लाख मात्र भावाबरोबर पाऊल टाकत इथवर आला होता.

चहाचा घोट घेताना त्याने सहज विचारलं, "गेल्या साली कितीला पडली रं दोन पोती?"

हितेश गोंधळला. "दोन कुठं बाबा? तुमी चार देता, चारचा आनतो. गेल्या साली सव्वा पोतं आलं."

चहा तसाच राहिला. "आनि त्याच्या आधी?"

"दीड असंल. त्याच्या आधी जरा जास्त. मना वाटलं तुमाला म्हाईत हाय."

पोराची काही चूक नव्हती. दिले तेवढ्याचं आणलं. चूक होती ती ज्याने दहा वर्षांनंतरच्या महागाईला बांध घातला आणि दर वर्षीच्या महागाईला दार उघडं ठेवलं, त्याची. चार हजार म्हणजे दोन पोती हे त्याच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. घरातला तांदूळ सून भाविका भरायची, त्याला भाव कधी कळलाच नाही.

"पन माघात पिंप तर भरलेलं असतं," तो म्हणाला.

हितेशने खांदे उडवले. बाळारामने दोन पोत्यांचे पैसे मोजून दिले. पोती टेम्पोत चढली आणि दोघं अंजूरला निघाले.

आक्का दारातच उभी होती. "आज सोता आलास रं बाला! गुडघं काय म्हनतात?" हितेशने एक पोतं उतरवलं, मग दुसरं. आक्काची सून दिपाली पिंपाचं झाकण काढून उभी राहिली. पहिलं पोतं रिकामं झालं. दुसरं झालं. तांदूळ वर चढत चढत पिंपाच्या गळ्याला येऊन थांबला.

दिपालीने तळव्याने तो सारखा केला आणि हसून म्हणाली, "बरं झालं मामा. यंदा आत्यांना भर घालावी लागनार न्हाय."

"दिपाली, चहा ठेव," आक्का म्हणाली.

"कसली भर?"

"काय न्हाय रं."

"आक्का, कसली भर?"

दिपाली मधल्यामध्ये सापडली. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग खाली. "तांदूल कमी यायला लागला ना मामा. आलीतल्या बाया यायच्या आधी आत्या दुकानातून आनून पिंप भरायच्या. मसाल्याच्या पैशांनी."

हितेश रिकामी पोती झटकत राहिला. बाळारामने घरून निघताना ठरवलं होतं की आक्काला सगळं समजावून सांगायचं, महागाई कशी मोजतात, वर दीड टक्का कसा, तिचा तांदूळ कसा राखला. आता त्यातलं काहीच सांगण्यासारखं उरलं नव्हतं. सहा-सहा महिन्यांनी सरकारने भाव पाहिला होता, दर वर्षी आक्काने पाहिला होता. पाहिला नव्हता तो फक्त त्याने.

"मना बोलायचं तरी," तो कसाबसा म्हणाला. "एक फोन करायचा."

"कशाला? तुजी वडाताण मना दिसत न्हाय काय? डंपर बसला, गाडी गेली, तरी तू दर साली धाडतच होतास ना." आक्काने पदराने त्याच्या सदऱ्यावरची तांदळाची भुकटी झटकली. "आनि बालाचं माप कमी झालं असं चार बायांनी म्हनावं? माज्या दारात? हॅट."

बाळाराम रडला. सत्तरीला टेकलेला माणूस, पोरासमोर, बहिणीच्या सुनेसमोर, लाज न बाळगता रडला. आणि रडताना त्याला फार बरं वाटत होतं, कारण इतकी वर्षं आपण आक्काला सांभाळतोय असं तो समजत होता, आणि खरं तर त्याला कुणीतरी सांभाळत होतं.

बँकेतले पैसे आजच तिच्या नावावर करतो, असं तो म्हणाला. तिने ऐकून घेतलं. "माज्या नावावर कर न्हाय तर तुज्या. तात्यांना इचार, पुन्ना असंच कुठं ठेवता येतं का. पन तांदूल तू आनायचा. तू न्हाय तर ह्यो." तिने हितेशकडे बोट केलं. हितेशने मान हलवली, आणि मोबाइल खिशात ठेवला.

निघताना आक्का आत गेली. फडताळातून एक डबा घेऊन आली. त्यात गेल्या सालचा उरलेला तांदूळ होता.

"पदर न्हाय तुला, ओंजल कर," ती म्हणाली. "जुना हाय. भात मोकला होईल."

आजवर पसा आळीतल्या बायांना मिळायचा, आणणाऱ्याला कधीच नाही. बाळारामने ओंजळ पुढे केली. तांदूळ त्यात पडला, पिवळसर, एकसारखा. त्यातले कुठले दाणे त्याच्या चार हजारांचे आणि कुठले आक्काच्या मसाल्याचे, ते कुणालाच सांगता आलं नसतं. त्याने ते रुमालात बांधले आणि टेम्पोत बसेपर्यंत गाठ हातातून सोडली नाही.