कंडक्टर खाली उतरतो

मोटारींच्या रॅलीला तीन दिवस उरले असताना अवंतिकाला कांजिण्या आल्या.

अवंतिका ही क्रांती चौगुलेची नेव्हिगेटर. क्रांतीनं गाडी पळवायची आणि अवंतिकानं शेजारी बसून पुढचं वळण वहीतून वाचून सांगायचं, अशी दोघींची वाटणी. क्रांती चोवीस वर्षांची. शिरोली नाक्यावर वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, गॅरेज. तिथंच ती गाडी शिकली. बायकांच्या गटात तीनदा पहिली आली आणि तिन्ही वेळा तिला बक्षीस म्हणून मिक्सर मिळाला. आई खूश होती. क्रांतीला मिक्सर नको होता. चेन्नईच्या एका मोठ्या टीमनं यंदा कळवलं होतं, की पुरुष-बायका सगळे धरून जी मुलगी पहिल्या दहांत येईल, तिला आशियाई स्पर्धेच्या चाचणीला बोलावू.

विश्वजित नावाचा एक नेव्हिगेटर मोकळा होता. तो म्हणाला, "माझी काय हरकत न्हाय. पण बाई चालवायला लागली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातोय."

"तुझ्या बाजूला ब्रेक न्हाय," क्रांती म्हणाली.

"तीच तर अडचण हाय."

शेवटी धोंडूआत्तीचं नाव निघालं. धोंडुबाई ही आण्णांची थोरली बहीण. एसटीत सव्वीस वर्षं कंडक्टर, त्यातली एकोणीस मलकापूरहून अणुस्कुरा घाट उतरणाऱ्या गाडीवर. रॅली नेमकी त्याच घाटात होती. शिवाय गेल्या वर्षी हौशी बायकांच्या रॅलीत बसायचं म्हणून आत्तीनं नेव्हिगेटरचं लायसन काढून ठेवलं होतं. नाही म्हणायला कुणाला काही सापडेना.

क्रांतीनं दोन दिवस बसून तिला वळणांचे आकडे शिकवले. सहा म्हणजे वळण नावापुरतं, एक म्हणजे गाडी जवळजवळ माघारी फिरते. आत्तीनं सगळं चोख पाठ केलं.

पहिल्या टप्प्यात तिला वही वाचताच आली नाही. चष्मा हेल्मेटच्या आत नाचायला लागला. पानं एकमेकांना चिकटली, म्हणून सवयीनं तिनं बोट जिभेला लावायला नेलं, ते हेल्मेटवर आपटलं. पुन्हा नेलं, पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा आपटलं तोवर तीन वळणं मागं गेली होती आणि क्रांती अंदाजानं गाडी हाकत होती. चाळीस गाड्यांत एकतिसावा नंबर.

"आत्ती, आता कसं व्हायचं?" क्रांतीला रडूच यायला लागलं होतं.

आत्तीनं वही सीटखाली सारली. "घाट मला ठावा हाय. आकडं मला जमत न्हाईत. मी माझ्या भाषेत सांगतो, तू चालव."

दुसरा टप्पा सुरू झाला. आत्ती समोर बघत म्हणाली, "डावं. बस सुखानं वळती."

क्रांतीनं ॲक्सिलरेटर सोडला नाही. गाडी सुतासारखी निघून गेली.

"उजवं. ड्रायव्हर शिव्या देतो."

क्रांतीनं ब्रेक मारला, गिअर उतरवला. बरोबर तेवढंच वळण होतं.

"आता डावं-उजवं, डावं-उजवं. प्रवाशी उलट्या करत्यात."

लहानपणी प्रत्येक सुट्टीत क्रांतीनं आत्तीच्या गाडीतून हा घाट पालथा घातला होता. कुठल्या वळणाला बस कशी करते, हे तिच्या पोटात बसलेलं होतं. त्या उलट्यांत तिचाही वाटा होता. आकडा ऐकला की तिला क्षणभर विचार करावा लागे. हे ऐकलं की हात आपोआप फिरत.

"पुढं उजवं. कंडक्टर खाली उतरतो."

म्हणजे बस एका दमात वळतच नाही, मागं घ्यावी लागते, कंडक्टर उतरून हात दाखवतो ते वळण. क्रांतीनं हँडब्रेक ओढला, गाडीचं शेपूट भिरकन फिरलं आणि दोघी खालच्या रस्त्याला लागल्या. रस्त्याच्या काठावर एक म्हातारे पावणे पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी सवयीनं हात केला.

"मागनं दुसरी हाय," आत्ती खिडकीच्या काचेआडून ओरडली.

दुसऱ्या टप्प्याला त्या चौथ्या आल्या, तिसऱ्याला पाचव्या. सगळं मिळून अकरावा नंबर झाला आणि पळायचं संपलं. आता फक्त समोर दिसणाऱ्या शेवटच्या तपासणी नाक्यावर आपापल्या ठरलेल्या मिनिटाला जाऊन कार्डावर वेळ टाकून घ्यायची होती. दहाव्या नंबरावर धैर्यशील होता, साखर कारखान्याच्या कुठल्याशा संचालकाचा मुलगा, क्रांतीपेक्षा नऊ सेकंदांनी पुढं. तो त्यांच्या शेजारून हॉर्न वाजवत गेला.

क्रांतीही निघाली, तसा आत्तीनं तिचा दंड धरला. "कुठं?"

"नाक्यावर."

"आपली येळ चार सव्वीस. आत्ता चार चोवीस झाल्यात."

"दोन मिनिटं आधी गेलं तर काय बिघडतंय?"

"येळेआधी गाडी स्टँडवर घालायची न्हाय. सव्वीस वर्षांत घातली न्हाय, आज घालू व्हय?"

क्रांती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. आत्ती घड्याळ बघत राहिली. चार सव्वीसला तिनं गाडीच्या दारावर दोनदा थाप मारली आणि म्हणाली, "चला."

निकाल लागला तेव्हा कळलं, की नाक्यावर वेळेआधी येणं हाही गुन्हाच असतो. नियमपुस्तकात लिहिलेलं होतं, क्रांतीनंही ते कधीतरी वाचलं होतं. दोन मिनिटं आधी गेला म्हणून धैर्यशीलच्या वेळेत दोन मिनिटं चढली आणि तो पंधराव्या नंबरावर घसरला. क्रांती दहावी.

चेन्नईच्या टीमची मॅनेजर बाई गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत बसली होती. तिला मराठी येत नव्हतं. तिनं क्रांतीला बोलावून दुसरा टप्पा परत लावला आणि इंग्रजीत विचारलं, "इथं ही बाई काय म्हणते? ऐकल्याबरोबर, आकडा ऐकून मारतात त्यापेक्षा अर्धा सेकंद आधी, तू ब्रेक मारलास."

क्रांतीनं ड्रायव्हरच्या शिव्यांचं भाषांतर करून सांगितलं. बाईनं ते वहीत लिहून घेतलं. चाचणीची तारीखही तिथंच दिली. आत्तीला सोबत आणशील का, असंही विचारलं. पण क्रांतीनं ते सांगताच आत्तीनं नकाराची मान हलवली. तिकडचे घाट तिला माहीत नव्हते, आणि न बघितलेल्या रस्त्यावर ती प्रवाशांची जबाबदारी घेत नसे.

रात्री जेवल्यावर क्रांतीनं अवंतिकाला फोन लावला. अवंतिका अंगभर कडुलिंबाचा पाला लावून पडली होती. बातमी ऐकून ती आधी खूप हसली, मग हळूच म्हणाली, "म्हंजे माझी जागा गेली म्हण की."

"गेली न्हाय," क्रांती म्हणाली. "पण बरी झालीस की महिनाभर एसटीनं फिरायला लागंल. आत्ती शिकवणार हाय."