बर्फातली बाटली

दारूच्या दुकानापुढचा देवदाराच्या पानांचा गोळा वर्षभर तपकिरी लोंबकळत असे. त्या संध्याकाळी तो हिरवागार होता. म्हणजे नवी साके, तांदळाची दारू, आली. कुरामोचीने टोकियोतल्या एका विमा कंपनीत जन्म काढला होता. नवं काही दिसलं की त्याला आधी शंका येई. तरी तो आत शिरला.

"कच्ची आहे," मालकीण ओत्सुकीबाई म्हणाल्या. "तापवलेली नाही. अजून जिवंत आहे. तुमच्यापेक्षा जास्तच."

त्यांनी बशीत सांडेस्तोवर पेला भरला. कुरामोचीने हात न लावता, वाकून पहिला घोट ओढला. जिभेवर बारीक बुडबुडे फुटले, मागून नाशपतीचा वास आला आणि त्यामागून वडील आले.

वडील हिवाळाभर गावच्या साकेच्या कारखान्यात राबत. पहिली साके गाळली की एक बाटली आणून वळचणीखालच्या बर्फात पुरत. "ऊब लागली की मेली म्हणून समज," म्हणत, आणि पोराला टोपणभर देत. कारखाना बंद पडला, मग वडीलही. शहरात कुरामोची साहेब पितील ते पीत आला. साहेब बिअर पीत.

दुकानातली शेवटची बाटली त्याने विकत घेतली. "फ्रिजमध्येच ठेवा हं," ओत्सुकीबाईंनी बजावलं.

घरी बायकोने, मित्सुएने, ती थेट वडिलांचा फोटो असलेल्या देव्हाऱ्यापुढे ठेवली. "आधी बाबांना. रविवारी त्यांचं श्राद्ध आहे. तोवर हात लावायचा नाही."

"अगं, इथे दिवसभर हीटर असतो. खराब होईल."

"मग काय, बाबांना थंडीत बसवू?"

फोटोत वडील नेहमीसारखे चिडलेले होते. आता त्यांना कारणही मिळालं होतं. इतक्या वर्षांनी त्यांच्यापुढे साके यायची, तीही उबून मेलेली! आणि फ्रिजमध्ये ठेवावी, तर नैवेद्य टोफूला.

मित्सुए अंघोळीला गेली.

बाहेर येऊन तिने गार चहासाठी फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात, टोफू आणि मुळ्याच्या लोणच्यामध्ये, काळ्या सुटात सासरे. शेजारी बाटली.

ती इतका वेळ उभी राहिली की फ्रिज टीं टीं करायला लागला.

"अहो, रविवारी भटजी आले की काय करायचं?"

"फ्रिजचं दार उघडून द्यायचं," कुरामोची म्हणाला.

"बाबांना आणून बसवलंत, आणि पेला नको ठेवायला?" तिने बाटली उघडली, छोटा पेला काठोकाठ भरून फोटोपुढे ठेवला, हात जोडले आणि दार लावलं. बर्फातल्या बाटलीची गोष्ट ती लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात ऐकत आली होती. हातात राहिलेल्या टोपणात तिने थोडी साके ओतली आणि नवऱ्यापुढे धरली.

"एवढीच?"

"बाबा देत होते तेवढी."